स्मोकरसाठी पिंप निवडताना

भंगारातले कोणतेही पिंप आतून जाळून काढले की स्मोकरला, म्हणजे मांस धुरावर मंद शिजवण्याच्या साधनाला, चालते, असे काहीजण सुचवतात. त्याला माझी पूर्ण सहमती नाही. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास जुनी पिंपे मिळतात, परंतु आत पूर्वी काय होते हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ते पिंप घेऊ नये, कारण रसायनाचे अवशेष शिवणीत दडून राहतात आणि उरलेल्या वाफेमुळे ग्राइंडर लावताच स्फोट होऊ शकतो. खाद्यपदार्थांचे पिंपही डोळे झाकून घेऊ नये. त्याला आतून अनेकदा इपॉक्सी-फिनॉलिकचा तपकिरी लेप असतो, जो साध्या शेकोटीने पुरता निघत नाही; सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून घासणे) करावे लागते, आणि तो खर्च धरला तर स्वस्ताई उरतेच कुठे? जस्ताचा मुलामा असलेले पिंप तर नकोच.

माझ्या मते नवे, आतून लेप नसलेले, सुमारे 210 लिटरचे आणि सुटे झाकण व कडी असलेले पिंप घ्यावे. त्याचा आतील व्यास साधारण 57 सेंमी असल्याने मांस ठेवायची जाळी त्याहून किंचित लहान करून घ्यावी. आतून रंग न देता खाद्यतेलाचा हात फिरवून, मांस ठेवण्यापूर्वी एकदा रिकामेच तापवावे.