३० बाय २० फुटांच्या लॉनला बी किती?

एवढ्या लॉनला एक किलो बी लागतं असं कुणी सांगतं, पण हरळीसाठी (बर्म्युडा गवत) ते जास्त होतं. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. टरफल काढलेलं बी चौरस मीटरला ८ ग्रॅम धरा, म्हणजे ४५० ग्रॅम. हा हिशोब मात्र उगवणाऱ्या बियांचा. पाकिटावर उगवण ८०% आणि शुद्धता ९५% असेल तर ४५० ला ०.७६ ने भागा. सुमारे ६०० ग्रॅम घ्यावं लागेल. पायवाट, हौद वगैरेची जागा आधी वजा करा. जुनं पाकीट असेल तर १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवून दोन आठवड्यांनी मोजाच, छापील आकड्यावर विसंबू नका.

दाट पेरलं की रोपं एकमेकांत गुदमरतात, बारीक राहतात आणि दमट हवेत बुरशीने कुजतात.

बी खसखशीएवढं बारीक, म्हणून चौपट कोरड्या वाळूत मिसळा. अर्धं उभं, अर्धं आडवं फेका, दाताळ्याने जेमतेम अर्धा सेंटीमीटर झाका आणि हलकं दाबा. सोलापूरच्या काळ्या मातीत पाइपाने जोरात पाणी सोडलं तर बी वाहून खोलगट जागी जमतं, झारीनेच द्या. पेरणी जूनमधल्या चांगल्या पावसानंतर करा, थंडीत नको.