मदत हवी आहे: रात्री एकट्याने खेळायला जुने, वातावरण असलेले पीसी गेम सुचवा

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितोय. मशीन जुनं आहे: ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. मे महिन्यात दुपारी इथे माणूसच तापतो तर सीपीयूचं काय घेऊन बसलात, म्हणून खेळणं रात्री जेवणं आटोपल्यावरच. नवे गेम चालणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर हवेही नाहीत.

काय हवं ते नीट सांगतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात व्हाइस सिटी येईल. 'प्रोजेक्ट आयजीआय' (२०००) आपण सगळ्यांनीच सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलाय. लोकांना त्यातल्या बंदुका आठवतात. मला आठवतं ते गोळीबाराच्या आधीचं: लांब पालथं पडून दुर्बिणीतून तळ न्याहाळायचा, पहारेकरी कुठून वळतो ते बघायचं, मग हळूच सरकायचं. पहिलंच मिशन रेल्वे यार्डातलं, भुसावळच्या पोराला अजून काय पाहिजे! मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती, त्यामुळे एकेक पाऊल जपून पडायचं. (लाइट गेली की मिशन पहिल्यापासून, तेव्हाच्या शिव्या इथे लिहीत नाही.)

तसंच 'सायलेंट हिल' (१९९९). मित्राच्या प्लेस्टेशनवर खेळलो. त्या मशीनला लांबचं दृश्य झेपत नव्हतं म्हणून सगळीकडे धुकं भरलं, आणि त्या धुक्यानेच गेमला चेहरा दिला. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो, दिसत काहीच नाही. मला भीती नकोय, ती खरखर हवीये.

'सायबेरिया' (२००२) झालाय, आवडला. झोंबी, उगाच दचकवणं, ऑनलाइन काही नको. 'थीफ' आणि 'द लास्ट एक्सप्रेस' ही नावं ऐकून आहे. कुणी खेळलंय का? माझ्या मशीनवर चालतील?

प्रतिसाद १ (धुळे)

भो, रेल्वेवाला असून 'द लास्ट एक्सप्रेस' (१९९७) खेळला नाहीस? जॉर्डन मेकनरचा गेम आहे, प्रिन्स ऑफ पर्शियावाला. जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस, पहिलं महायुद्ध तोंडावर. यात घड्याळ तुझ्यासाठी थांबत नाही. तू डब्याच्या बोळात उभा राहिलास तरी बाकीचे प्रवासी जेवतात, भांडतात, एकमेकांच्या कंपार्टमेंटमध्ये शिरतात. डायनिंग कारमध्ये नुसतं बसून कान टवकारायचे, शेजारच्या टेबलावर कोण कुणाला काय बोलतंय ते ऐकायचं. एक संवाद हुकला की हुकला. सेव्ह करायची भानगडच नाही, चुकलं तर घड्याळ मागे फिरवायचं. कार्डबिर्ड काही लागत नाही. त्या काळी विकला गेला नाही, नाहीतर आज मेकनरचं नाव याच्यासाठीही घेतलं असतं.

प्रतिसाद २ (नंदुरबार)

थीफ घे, पण जरा ऐक. पहिला भाग (१९९८) सरळ टाकला तर नव्या विंडोजवर कुरकुरतो, आधी चाहत्यांनी बनवलेला 'टीफिक्स' पॅच (दुरुस्तीची फाइल) टाक. तुझ्या आयजीआयमधलं सरकणं इथे मुख्य धंदा आहे. फरशीवर, लोखंडी जाळीवर बूट वाजतात, गालिचा आणि गवतावर नाही. मशाल विझवायला पाण्याचा बाण, आवाज दाबायला शेवाळाचा. अंधारात भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि पहारेकरी स्वतःशी बडबडत हातभर अंतरावरून जातो. मात्र पहिल्या भागात थडग्यांतली मढी उठतात. झोंबी नकोच असतील तर दुसरा भाग (२०००) बघ, त्यात तो प्रकार बराच कमी.

आणि एक न विचारलेलं: 'आर्क्स फॅटालिस' (२००२). सूर्य विझलाय, सगळं जग खाणींत राहायला गेलंय. मंत्र माउसने हवेत काढायचे, ते कधी कधी वैताग आणतं. पण पीठ आणि पाणी एकत्र करून गोळा विस्तवाजवळ ठेवला की खरंच पाव भाजून निघतो. कळण्याची भाकरी होत नाही तेवढीच खंत. यालाही चाहत्यांनी सुधारलेली आवृत्ती आहे, 'आर्क्स लिबर्टाटिस', फुकट, पण मूळ गेमच्या फाइल लागतात.

धागाकर्ता

दोघांचे आभार. लास्ट एक्सप्रेस लगेच घेतोय, सेलची वाट बघत नाही. थीफबद्दल एक विचारायचं राहिलं: माझ्याकडे साधे दोन स्पीकर आहेत, चालतील का?

प्रतिसाद २ (नंदुरबार)

नको. तू कूलर लावूनच खेळणार ना? मग स्पीकरवर पावलं ऐकूच येणार नाहीत, आणि या गेममध्ये डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. साधा वायरचा हेडफोन घे. आणि डिफिकल्टी एक्स्पर्टच ठेव, त्यात माणसं मारायची परवानगीच नसते, म्हणजे दडून बसावंच लागतं.