मिशनरी व्हायचंय, पण भाषा कुणी शिकायची?

नगरकर_मामा

भाचा पुण्यात सेमिनरीत आहे, बी.डी.च्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला. बी.कॉम. करून गेला. ग्रीक, हिब्रू, मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, प्रवचन कसं द्यायचं, सगळं शिकवतात. त्याला पाळक व्हायचं नाही, मिशनरी व्हायचंय. नंदुरबारकडे, सातपुड्यात. मी विचारलं, पावरी, तिथल्या पावरा आदिवासींची भाषा, येते का? म्हणाला, "मामा, तिथं गेल्यावर येईल की."

मागच्या महिन्यात नेवाशाकडच्या एका वाडीत त्यानं प्रवचन केलं. मी मागं बसलो होतो. इंग्रजी व्हिडिओ ऐकून ऐकून तयार झालेली मराठी. "प्रभू आपल्याला नव्या स्तरावर घेऊन जाणार आहे," असं तीनदा म्हणाला. माझ्या पुढची म्हातारी शेजारणीला विचारते, "कशावर नेनार म्हनतंय? इस्तवावर?" ही मराठीची गत, तर पावरीचं काय होणार?

माझं मत सरळ आहे. पहिलं वर्ष प्रवचन बंद. त्या लोकांत राहायचं, त्यांची भाषा तोंडात बसेपर्यंत दुसरं काही नाही. जुने लोक हेच करायचे. जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स १५७९ला गोव्यात आले, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगणारं क्रिस्तपुराण १६१६ला छापलं. मधली ३७ वर्षं मोजा. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, इंग्लंडात जन्मलेल्या माणसानं रचलेल्या. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानं तिकडे बंगालात बसून १८०५ला मराठीचं व्याकरण छापलं. आमच्या नगरच्या अमेरिकन मिशननं १८४२ला 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक काढलं. आताच्या पोरांना सहा महिन्यांत गिटार येते, भाषा येत नाही.

सदाशिव_सडेतोड

धागा वाचून गंमत वाटली. वाद काय, तर गळाला आमिष कोणतं लावायचं! अहो मामा, भाषा शिकली ती कशासाठी शिकली ते बघा की. ओव्या रचल्या कारण लोकांना ओवीची सवय होती. पुराणं काढून घेतली तर हातात काहीतरी द्यायला हवं ना. आणि ज्या गोव्याचं कौतुक चाललंय तिथं १५६०पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं, ते बंद पडायला १८१२ उजाडलं. १६८४ला तर हुकूमच निघाला, तीन वर्षांत कोंकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. हे भाषाप्रेम?

नियोगी समितीचा अहवाल वाचा. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ला मध्य प्रदेश सरकारनं नेमली, तेव्हा आपला विदर्भ त्याच राज्यात होता. १९५६चा अहवाल स्पष्ट म्हणतो की धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं. सुप्रीम कोर्टानंही १९७७ला सांगितलं, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. तुमचा भाचा पावरी शिकला तर मला जास्त काळजी वाटेल, कमी नाही.

मिरजेची_नात

@सदाशिव_सडेतोड, इन्क्विझिशनबद्दल कोण भांडणार तुमच्याशी, ते काळंच प्रकरण आहे. पण गोव्यातली पोर्तुगीज राजसत्ता आणि गॉर्डन हॉल एकाच पोत्यात घालू नका. हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ला मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना हाकलायच्याच बेतात होतं. राज्यकर्त्यांचे लाडके वगैरे नव्हते. हॉल १८२६ला नाशिकहून परतताना पटकीनं गेले. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाई १८२७ला आल्या, आयुष्य मुलींच्या शाळांत घातलं, नगरलाच वारल्या. सावित्रीबाईंचं नाव घेताना ही बाई आपण गाळतो.

आमच्याकडे मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेसांचा दवाखाना, १८९४चा. आजीचा मोतीबिंदू तिथंच काढला. पट्टी सोडायच्या आधी एक बाई खाटेशी उभी राहून प्रार्थना करून गेली. आजी तेवढा वेळ हात जोडून "विठ्ठला पांडुरंगा" करत होती. त्या बाईनं ऐकलं, हसली, पुढच्या खाटेकडे गेली. आजी मरेपर्यंत वारकरीच राहिली.

सदाशिव_सडेतोड

आजीचा किस्सा गोड आहे. पण आंधळेपणाच्या भीतीनं पडलेल्या माणसाच्या खाटेशीच प्रार्थना का? घरी जाताना बसस्टँडवर का नाही? तिथं माणूस "नको" म्हणू शकतो, एवढाच माझा मुद्दा.

मिरजेची_नात

हा मुद्दा मान्य. आधी विचारायला हवं होतं.

तिसऱ्या_पिढीचा

मी ख्रिस्ती, आजोबा पाळक. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय. कुणी म्हणतं मिशनरी राक्षस, कुणी म्हणतं देवदूत. पगाराबद्दल कोणी बोलत नाही! गोरा साहेब बंगल्यात आणि देशी उपदेशक त्याच्या हाताखाली, हे वर्षानुवर्षं चाललं. रेव्हरंड टिळकांना, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांना, हेच टोचत होतं. १८९५ला बाप्तिस्मा घेतला, बावीस वर्षं मिशनबरोबर काढली आणि १९१७ला पगारावर पाणी सोडून संन्यास घेतला. म्हणून त्यांची भजनं आजही आमच्या चर्चमध्ये पेटीवर वाजतात. भाषांतरित गाणी त्या मानानं पाहुण्यासारखी येतात आणि जातात.

मामा, भाच्याला एक विचारा. महिन्याचे पैसे कोण देणार? ज्याला दर तिमाहीला "किती कुटुंबं आली" असा तक्ता भरून वर पाठवायचाय, तो निवांत भाषा शिकत बसेल काय? तक्ता रद्द करा, मग वर्षभर गप्प बसायच्या गप्पा करू. आणि हो, आमच्या मंडळ्यांत लग्न जमवताना अजून जात विचारतात. सातपुड्यात जाण्याआधी हे मिशन घरात करायला हरकत नाही.

नगरकर_मामा

तक्त्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल फोन करून विचारलं. आधी म्हणाला, "तसं काही नसतं." मग म्हणाला, "रिपोर्ट असतो, पण साधा." साधा म्हणजे काय ते सांगितलं नाही. म्हणजे तुमचं बरोबर दिसतंय.

सडेतोड साहेब, तुमचं सगळं पटत नाही. माझा पणजोबा कुणी फसवला नव्हता. गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, मिशनच्या विहिरीवर मिळालं. त्याला तुम्ही आमिष म्हणा, आम्ही पाणी म्हणतो.

धडगावचा_पावरा

इतका वेळ वाचत होतो. आमच्याबद्दल चाललंय, आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणून लिहितो.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. माझा चुलतभाऊ झाला. भांडण झालं, दोन वर्षं बोललो नाही, आता शेताच्या बांधावर परत बोलतो. तो होळीला येत नाही, एवढंच लागतं. गावात एक टोळी येते ती म्हणते, बाप्तिस्मा घेतलेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. दुसरी येते ती म्हणते, देव बदला. दोघांच्याही सभा मराठीत. माझ्या आईला दोन्हीकडचं निम्मं कळत नाही.

मामांचं भाषेचं म्हणणं मला पटलं. भाचा शिकायला येत असेल तर येऊ दे, आमच्या घरी राहू दे. पुस्तक बॅगेत ठेवायचं, आईनं विचारलं तरच काढायचं. पण दिवाळीनंतर पाठवू नका. अर्धं गाव तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत असतं, पोरगा म्हाताऱ्यांशी आणि बकऱ्यांशी काय बोलणार? होळीला सगळे परत येतात, त्याच्या आठवडाभर आधी येऊ द्या. भोंगऱ्या बाजारात, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आमच्या बाजारात, एक दिवस फिरला तरी सेमिनरीच्या एका सत्राइतकं कानावर पडेल.

नगरकर_मामा

नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. धडगावला एसटी शहाद्यावरून पडते ना?