जुनी पीपीएफ (गाडीचा रंग जपण्यासाठी लावलेली पारदर्शक फिल्म) काढताना रंग निघेल का?

प्रश्न: माझ्या पोर्शे ९११च्या बॉनेटवरील पारदर्शक फिल्म पिवळी पडली असून तिच्या कडांना बारीक तडे गेले आहेत. ती काढताना खालचा रंग निघण्याची भीती कितपत खरी आहे?

उत्तर १: कारखान्यातला मूळ रंग सहसा टिकतो, मात्र पुन्हा रंगवलेल्या भागावरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) फिल्मबरोबर उचलला जाऊ शकतो, म्हणून असा भाग ओळखण्यासाठी आधी रंगाची जाडी मोजून घ्यावी.

उत्तर २: वाफेने फिल्म गरम करून ती पत्र्याला जवळजवळ समांतर धरत सावकाश ओढावी. तडकलेली फिल्म नखाएवढ्या तुकड्यांत निघते आणि गोंद मागे राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून मायक्रोफायबरने पुसावा, ब्लेडने मुळीच खरवडू नये.

उत्तर ३: मागच्या चाकांपुढील कारखान्यातून लावून आलेली छोटी फिल्मही तपासावी, कारण तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते.