'मर्यादित सरकार' म्हटलं की पतसंस्था का आठवते? (शब्दचर्चा)

गोदाकाठी

आमच्या चर्चच्या वाचनगटासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाचं स्वातंत्र्य देवाकडून आलेलं आहे, राजाकडून किंवा सरकारकडून नाही, म्हणून सरकारच्या हाताला हद्द हवी. त्यातल्या 'लिमिटेड गव्हर्नमेंट'साठी मी 'मर्यादित सरकार' लिहिलं आणि रविवारी वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "रजिस्टर नंबर काय?" झालं, सगळे हसत सुटले. काकांची नोकरी सहकारात गेली. 'मर्यादित' ऐकलं की त्यांना 'नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित, नाशिक' ही पाटीच दिसते.

'सीमित' मला हिंदी वाटतो. 'लहान सरकार' लिहिलं तर अर्थच बदलतो. लेखकाला सरकार छोटं नकोय, बांधलेलं हवंय. चार माणसांचं सरकारसुद्धा मोकाट असू शकतं. 'शासन' घ्यावं तर शासन म्हणजे शिक्षाही.

दुसरी अडचण बायबलमधलीच. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात 'वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन' राहायला सांगितलंय. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "म्हणजे प्रांतसाहेब का?" मूळ ग्रीक शब्दाचा रोख सत्तेवर आहे, पण मराठीत तो खुर्चीवर जाऊन बसला. काही सुचवा, पत्रक छापायला जायचंय.

पंचवटीकर

ताई, सहकार खात्यानं शब्द पळवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा? मर्यादा म्हणजे नुसती लिमिट नव्हे. समुद्र मर्यादा सोडत नाही असं आपण म्हणतो. मोठ्यांची मर्यादा ठेवतो. आणि आमच्या पंचवटीत राहून मर्यादापुरुषोत्तम कोणाला म्हणतात हे मी सांगायला नको. राजा आहे, तरी मर्यादेत आहे, हेच तुमच्या लेखकाला म्हणायचंय ना? मग 'मर्यादाबद्ध राज्यसत्ता' लिहा. 'हद्द' अरबी, 'सरकार' फारसी ('सर' म्हणजे डोकं, 'कार' म्हणजे काम). देवाधर्माच्या मजकुरात ते कशाला?

वाचनमात्र

'मर्यादाबद्ध राज्यसत्ता' उच्चारून होईपर्यंत सरकार पडेल.

बागाईतदार

साधा शब्द आहे की. वेसण. 'वेसण घातलेलं सरकार'. शेतकऱ्याला लगेच कळतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात थेट बंदी. त्या सकाळी माझी ट्रॉली बाजार समितीत रांगेत उभी. पुढच्या ट्रॉलीवाल्यानं मोबाइलवर बातमी वाचली, ताडपत्री परत ओढली आणि बिडी पेटवली. माल माझा, वावर माझं, गिऱ्हाईक परदेशातलं, आणि नाही म्हणणारा दिल्लीत. आमचे वडील १९८०च्या ऊस-कांदा आंदोलनात रस्त्यावर बसले होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी त्यांच्या खांद्यावर बसून शिकलो. तेव्हा कोणी 'लिमिटेड गव्हर्नमेंट' म्हणत नव्हतं. 'सरकारनं मधे तंगडी घालू नये' असं म्हणायचे. घ्या, तेवढं एक वाक्य टाका पत्रकात.

पण ताई, यात ख्रिस्ती काय आहे ते मला कळलं नाही. विचारतो म्हणून राग नसावा.

गोदाकाठी

राग कसला दादा. तुमच्यासाठी तर द्राक्षमळ्याचीच गोष्ट आहे. बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक, २१वा अध्याय. इज्रेल गावच्या नाबोथाचा मळा राजवाड्याला लागून. अहाब राजा म्हणतो, मला भाजीपाल्यासाठी दे, बदल्यात याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख पैसे घे. आजच्या भाषेत मोबदला बरा होता. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल राजाच्या नावानं पत्रं लिहिते, राजाचाच शिक्का मारते, दोन खोटे साक्षीदार उभे करते. नाबोथाला दगडमार. कागदोपत्री सगळं रीतसर! मळा ताब्यात घ्यायला राजा उतरतो तर समोर एलीया संदेष्टा उभा : खून करून वर ताबाही घेतलास का?

मुद्दा इथेच आहे. इस्राएलच्या आसपास काही ठिकाणी राजा म्हणजे देव किंवा देवाचा मुलगा मानला जायचा. इथे राजालाही जाब विचारणारा कोणी आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात तर राजानं फार घोडे, फार बायका, फार सोनंरुपं जमवू नये, आणि नियमशास्त्राची नक्कल स्वतः उतरवून जन्मभर वाचावी असं आहे. आणि पहिल्या शमुवेलाच्या ८व्या अध्यायात लोक राजा हवा म्हणून हटून बसतात, तेव्हा शमुवेल संदेष्टा यादीच वाचतो. तुमची मुलं रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकाला घेईल, चांगली शेतं आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. 'घेईल, घेईल' असं चाललंय. 'देईल' आहे ते एकाच अर्थानं : तुमच्याकडून काढून स्वतःच्या चाकरांना देईल.

श्रीरामपूरकर

गोदाकाठी बाई, नाबोथ आम्हीही संडेस्कूलात शिकलो. पण 'वतन' शब्दावर थांबा जरा. अरबीत वतन म्हणजे मायदेश. आपल्या मराठीत काय झालं? पाटीलकी, कुलकर्णीपण, आणि महारकी. माझे पणजोबा बाप्तिस्मा घेण्याआधी वतनदार महार होते. म्हणजे जमिनीचा तुकडा नावाला, आणि त्याबदल्यात रात्री-अपरात्री कोणाही अंमलदाराचा सांगावा घेऊन पळायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं ते याच वतनातून सुटण्यासाठी. तुमच्या नाबोथाला वतन सोडायचं नव्हतं. आमच्या लोकांना ते टाकून द्यायचं होतं, आणि ते गेलं कधी? सरकारनं १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा.

तेव्हा सरकारला वेसण घाला म्हणताना गावाला वेसण कोण घालणार तेही सांगा. माझ्या आजोबांना पाटील नको होता, कलेक्टर चालत होता. आता दुसरी बाजूही मीच सांगतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातींत धरत नाहीत. पुढे शिखांना आणि बौद्धांना घेतलं, आम्हाला नाही. म्हणजे माझी श्रद्धा कुठली हे सरकारच्या फॉर्मवर ठरतं आणि त्यावर माझ्या मुलाची सवलत. घटनेत सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे म्हणता, ते वापरलं की किंमत मोजा.

पंचवटीकर

श्रीरामपूरकर, तुमचं दुःख मान्य. पण चर्चा शब्दांची आहे. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे शेवटी स्वैराचार, हे मी कायम म्हणत आलोय. 'लिबर्टी'ला आपल्याकडे शब्द नाही, कारण आपल्याला त्याची गरज पडली नाही. आपला शब्द 'मोक्ष'.

श्रीरामपूरकर

ज्याला गरज पडली नाही त्यानं गरज नव्हती म्हणू नये. आणि स्वैराचाराचं म्हणाल तर प्रेषित पौलानं गलतीकरांना पत्रात आधीच बजावलंय : तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलंय, पण त्याच्या आडून देहवासना माजवू नका, प्रीतीनं एकमेकांची सेवा करा. मोकळं व्हायचं ते कोणाच्या तरी कामी यायला.

तळटीप

मूळ धाग्याला धरून बोलतो. कॅथॉलिक परंपरेत याला नेमकी संज्ञा आहे : सबसिडिअ‍ॅरिटी. १९३१ साली, इटलीत मुसोलिनी सत्तेवर असताना, अकराव्या पायस पोपनी परिपत्रकात लिहिलं की जे काम माणूस किंवा छोटी संस्था स्वतः करू शकते ते वरच्या सत्तेनं काढून घेणं हा अन्याय आहे. वरच्यानं मदत करावी, गिळू नये.

बागाईतदार

सबसिडीवर आहे का हे? ठिबकची आमची अजून यायचीय.

तळटीप

हसू नका, दोन्ही शब्द एकाच लॅटिन 'सुबसिदियुम'मधून आले. मागे ठेवलेली राखीव कुमक, गरजेला पुढे येणारी. म्हणजे 'अनुदान' आणि 'सरकारनं हात आखडावा' हे सख्खे भाऊ आहेत. मराठीत मी 'पूरकता' असं करतो, पण ते जीवनसत्त्वाच्या गोळीसारखं लागतं.

'वरिष्ठ अधिकारी' बदलायला मात्र माझा विरोध. पुढचीच ओळ म्हणते की अधिकार देवाकडून आहे. म्हणजे प्रांतसाहेबाच्या वरही कोणी वरिष्ठ आहे. मुलीला तेवढं सांगा. येशूचा शिष्य पेत्र यानं न्यायसभेपुढे उभं राहून 'माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे' म्हटलं ते याच हिशेबानं. आणि कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, नाण्याची गोष्ट घ्या : येशू म्हणाला, कैसराचं ते कैसराला द्या, देवाचं ते देवाला. नाण्यावरच्या कैसराच्या छबीला ग्रीकमध्ये 'एइकोन' म्हणतात. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला तिथेही तोच शब्द. तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे जोडून दाखवलं : नाण्यावर कैसराची छबी, म्हणून नाणं कैसराला, आणि माणसावर देवाची छबी, म्हणून माणूस देवाला. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोट छापतात, माणूस छापत नाहीत. हे वाक्य हवं तर घ्या, माझं नाव नको.

लेण्यांतला

एवढा लॅटिन-ग्रीक प्रवास केलात, पाथर्डी फाट्यापर्यंत आला असतात तर काम झालं असतं. पांडवलेणी, लेणं क्रमांक ३. गौतमीपुत्र सातकर्णीचा १८व्या वर्षाचा लेख, गोवर्धनच्या अमात्य विण्हुपालिताला धाडलेला. भिक्खूंना २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलंय आणि त्या शेताला काय काय लागू नाही ते प्राकृतात कोरलंय : अपावेस, अनोमस, अलोणखादक, अरठसविनयिक. राजाच्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारानं ढवळाढवळ करायची नाही. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा नाशिकचाच शब्द तयार आहे. 'अपावेस सरकार' लिहा!

पंचवटीकर

वा! बघा, सगळं आपल्याकडे होतंच.

गोदाकाठी

लेण्यांतला, मस्तच. पण ही सूट झाली. राजानं दिली म्हणून आहे, आणि ज्यानं दिली तो काढूनही घेईल. मला हवाय तो शब्द सूट, मुभा, सवलत, मोकळीक यांच्या पलीकडचा. जे कोणी दिलेलंच नाही ते काढून घेताच येऊ नये. शिवाय 'अपावेस' शेत होतं, सरकार नव्हे.

लेण्यांतला

हे खरं. आणि गंमत अशी की सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, त्याच लेण्यात पुढचा लेख आहे. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसत नाही, म्हणून शहराजवळ राजाच्या मालकीतलं १०० निवर्तनं दुसरं घ्या. म्हणजे सूट कागदावर पक्की, नांगर चालेना.

बागाईतदार

निम्मंच दिलं परत? पुनर्वसन तेव्हापासून असंच का.

पण नाशकात मिठाची खाण कुठली हो?

लेण्यांतला

खाण नाही. साचेबंद मजकूर आहे, जीआरमध्ये असतो तसा. अशा दानपत्रांना तीच कलमं चिकटवायचे.

तळटीप

'अलोण'वरून आठवलं. संस्कृत अलवण, प्राकृत अलोण, आणि आपली अळणी भाजी. तोच शब्द.

पंचवटीकर

'आळणी'. पहिला स्वर दीर्घ.

तळटीप

नञ् समासातला, म्हणजे 'नाही' सांगणारा, 'अ' दीर्घ कशाला होईल? अळणी.

पंचवटीकर

माझी आई जन्मभर आळणी म्हणाली. ती व्याकरण शिकली नव्हती म्हणून बरोबर म्हणाली.

गोदाकाठी

मंडळी, पत्रक...

श्रीरामपूरकर

आमच्याकडे मटणाच्या पहिल्या पाण्याला आळणी म्हणतात आणि त्यात मीठ असतं. आता बोला.

वाचनमात्र

हळद-मीठ दोन्ही असतं. मिरची नसते. म्हणजे मराठीत 'अळणी'चा अर्थ 'बिनतिखट' झालाय का? यावर वेगळा धागा काढा राव, इथं नको.