रबाळ्याची ऑफर, क्यूसी हेडची पोस्ट: करारातलं काय बदलून घ्यावं?

कळव्याची_केमिस्ट
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचंय.

मी फार्मात क्यूसीला, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत आहे. एचपीएलसी, जीसी, डिसोल्युशन या लॅबमधल्या चाचण्या हे रोजचं काम, आणि टेस्टिंगसाठीची एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मंजुरी माझ्या नावावर आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका फॉर्म्युलेशन कंपनीनं क्यूसी हेड म्हणून बोलावलंय. हेड ऑफिस अहमदाबादला, दुसरा प्लांट हिमाचलात बद्दीला. पगार आतापेक्षा बराच बरा, आणि ठाण्याला गाडी बदलली की रबाळे तिसरं स्टेशन. त्यामुळे जायचं तर आहेच.

आजवर दोन पानी अपॉइंटमेंट लेटर मिळायचं. या वेळी अकरा पानी करार हातात आलाय. खटकलेलं सांगते. तीन वर्षांचा बॉन्ड, आधी सोडलं तर ४ लाख. नोटीस ९० दिवसांची, पण कंपनी मला ३० दिवसांत काढू शकते. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं 'याच क्षेत्रातल्या' कुठल्याही कंपनीत काम करायचं नाही. कंपनी सांगेल ते इतर काम करायचं, सांगेल तिथे बदली घ्यायची. वाद झाला तर अहमदाबादचं कोर्ट.

दोन वर्षं फार्मात नाही तर काय पोळीभाजी केंद्र काढू? यातलं कशावर अडून बसावं?

ऐरोली_नाइटशिफ्ट
ताई, एवढं मनावर घेऊ नका. आमच्या आयटीत प्रत्येक करारात हे सगळं असतं. बॉन्डसाठी कोर्टात गेलेली कंपनी मी तरी पाहिली नाही. सही करा, पगार घ्या.

वागळे_एचआर
मी दुसऱ्या बाजूला बसते, एचआरमध्ये. हे अकरा पानी करार बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या फाइलमधून उचललेले असतात. मार्केटिंगवाल्यांसाठी लिहिलेली अट क्यूसीला चिकटते आणि कोणी वाचतही नाही. म्हणून बदल मागायला कचरू नका. मंजुरी असलेला क्यूसी हेड सहज मिळत नाही, हे कंपनीला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

बॉन्ड काढून टाका म्हणालात तर नाही म्हणतील. त्याऐवजी रक्कम दर महिन्याला उतरती ठेवा म्हणा. ३६ महिन्यांपैकी २४ झाले की एक तृतीयांशच उरायला हवी. आणि कंपनीनंच काढलं, किंवा पगार थकला म्हणून तुम्ही सोडलं, तर बॉन्ड लागू नाही, एवढं एक वाक्य घालून घ्या.

नोटीस दोघांना सारखी असू द्या. पैसे भरून लवकर सुटायची सोय आहे का, आणि ते पैसे बेसिकवर मोजणार की ग्रॉसवर, हे विचारा. ९० दिवसांच्या हिशेबात हा फरक चांगलाच भरतो.

चरईचा_वकील
ऐरोलीकरांचा सल्ला ऐकायला गोड आहे, पण मी तो देणार नाही. कारण सांगतो.

नोकरी सोडल्यानंतरची दोन वर्षांची मनाई आधी. करार कायदा १८७२, कलम २७. व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंद्याची गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकली असेल तर अपवाद, तो इथे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली कृष्ण मुरगई प्रकरणात आणि २००६ साली झहीर खान प्रकरणात (हो, क्रिकेटवालाच) करार संपल्यानंतरची बंधनं चालू दिली नाहीत. तेव्हा ताई, पोळीभाजी केंद्राची वेळ येणार नाही. या कलमावर तुमची ताकद घालवू नका.

पण नोकरी चालू असतानाची मनाई वेगळी. १९६७ चा याच विषयावरचा निकाल आपल्या कल्याणचा आहे: गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग. सेंच्युरी रेयॉनच्या टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर, पाच वर्षांचा करार, परदेशी कंपनीकडून आलेलं गोपनीय तंत्र. माणूस मुदतीच्या आतच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. कोर्टानं कंपनीच्या बाजूनं मनाई कायम ठेवली, कारण ती कराराच्या मुदतीपुरतीच होती. हा सुपरवायझर होता, डायरेक्टर नव्हे, हे ध्यानात घ्या.

म्हणून माझा प्रश्न: तुमच्या करारात 'तीन वर्षांच्या मुदतीसाठी नेमणूक' असं आहे, की नोकरी कायम आणि बॉन्ड वेगळा? मुदतीची नेमणूक असेल आणि मध्ये राजीनाम्याची वाटच नसेल, तर तुम्ही गोलिकरीच्या जागी उभ्या आहात. ९० दिवसांची नोटीस तीन वर्षांच्या आतही चालेल, हे कागदावर हवं.

आता बॉन्ड. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दल २ लाख घेणं वैध ठरवलं. तो अधिकारी कॉस्ट अकाउंटंट होता, म्हणजे तोही खास कामाचाच माणूस. त्या निकालात सरकारी बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा मुद्दा वजनदार होता. तुमची खाजगी कंपनी कोर्टात गेली तर त्याच करार कायद्याचं कलम ७४ येतं. करारात ४ लाख लिहिले म्हणून ४ लाख मिळत नाहीत, ती कमाल मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई देतं. तुमच्यावर ट्रेनिंगचा खर्च किती केला, हे विचारलं जाईल. तेव्हा करारात 'ट्रेनिंगचा खर्च ४ लाख' असं मोघम मान्य करू नका.

अहमदाबादच्या कोर्टाचं कलम मात्र दुर्लक्षण्यासारखं नाही. एप्रिल २०२५ मध्ये एका खाजगी बँकेच्या दोन प्रकरणांत, पाटणा आणि दिल्लीच्या कर्मचाऱ्यांना करारात लिहिल्याप्रमाणे मुंबईलाच जावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. काम रबाळ्यात, राहणं कळव्यात, तर 'ठाणे' लिहून मागा.

ऐरोली_नाइटशिफ्ट
बरं, मानलं. तरीही सांगतो, सोडताना कंपन्या कोर्टात जात नाहीत, रिलीव्हिंग लेटर अडकवतात.

चरईचा_वकील
ते खरं आहे. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. ताई, मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत आणा.

जुना_क्यूए
तुर्भे ते महापे सगळीकडे नोकरी करून झाली, आता निवृत्त. वकीलसाहेबांचं सगळं बरोबर, पण फार्मातली खरी अडचण वर कुणीच काढली नाही.

ताई, तुमचं नाव कंपनीच्या मॅन्युफॅक्चरिंग लायसन्सवर टेस्टिंगची मंजूर तांत्रिक व्यक्ती म्हणून चढणार आहे. हे तुमच्या करारात कुठे लिहिलंय? बहुधा नसेलच. हेड, मॅनेजर, सीनियर मॅनेजर ही कंपनीची नावं झाली. एफडीएच्या कागदावर कोण आहे, ते वेगळं. औषधात गडबड निघाली तर ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याच्या कलम ३४ खाली, गुन्हा घडला तेव्हा कामकाजाची जबाबदारी कोणाकडे होती हे पाहिलं जातं.

तज्ज्ञ माणूस बदलला की कंपनीनं एफडीएला कळवायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? माणूस सोडून जातो, नवा मंजूर माणूस मिळेपर्यंत कंपनी जुनंच नाव तसंच ठेवते. तिकडे तुमचा नव्या कंपनीचा अर्ज जातो आणि एफडीए म्हणते, तुम्ही तर रबाळ्यात आहात! पूर्णवेळ माणूस दोन ठिकाणी कसा? मग तुम्ही नव्या ठिकाणी बसून जुन्या एचआरला फोन करत राहता. बॅचवर सही दुसऱ्याची, रेकॉर्डवर नाव तुमचं, हा प्रकार तर त्याहून वाईट.

म्हणून करारात दोन गोष्टी. शेवटच्या दिवसापासून ठराविक दिवसांत कंपनी एफडीएला लेखी कळवेल आणि पोच दिलेली प्रत तुम्हाला देईल. आणि तुम्ही स्वतःही परस्पर एफडीएला कळवू शकाल, ते गोपनीयतेच्या कलमाचा भंग धरलं जाणार नाही.

दुसरं, 'कंपनी सांगेल ते इतर काम'. साध्या ऑफिसात हे चालून जातं. क्यूसी हेडला नाही. टेस्टिंगचा प्रमुख प्रॉडक्शनपासून स्वतंत्र असला पाहिजे, हे औषध नियमांतच आहे, त्यातल्या शेड्यूल एममध्येही (औषध उत्पादनाच्या दर्जाचे नियम) आहे. पण महिनाअखेरीला डिस्पॅच अडला, प्रॉडक्शनवाला रजेवर, की साहेब म्हणतात, 'मॅडम, जरा प्रॉडक्शनचंही बघा.' त्यांनी बनवायचं आणि त्यांनीच पास करायचं, असं होऊन बसतं. ऑडिटर आला की पहिला ऑर्गनायझेशन चार्ट मागतो. करारात सरळ लिहून घ्या: इतर काम क्वालिटी विभागापुरतंच, आणि रिपोर्टिंग प्रॉडक्शन हेडकडे नसेल. बॅच नापास करण्याचा अंतिम अधिकार क्वालिटीचा, हेही जमलं तर. यावर बॉन्डपेक्षा जास्त अडून बसा.

वागळे_एचआर
जुना_क्यूए यांना पूर्ण अनुमोदन. हे मुद्दे कायद्याचे आहेत म्हणून मागायलाही सोपे. 'माझ्या सोयीसाठी' न म्हणता 'ऑडिटसाठी' म्हणा. व्यवस्थापन पटकन ऐकतं.

नेरुळची_डॉक्टर
जाता जाता. करार नोकरीचा आहे ना, कन्सल्टन्सीचा तर नाही? आमच्याकडे हॉस्पिटलं पूर्णवेळ राबवतात आणि कागदावर 'रिटेनर'. मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, फॉर्म १६ नाही, पगारातून व्यावसायिक फी म्हणून दहा टक्के टीडीएस. शिवाय केस झाली तर वकिलाचा खर्च आपलाच. तुमच्या नावावर जबाबदारी येणार असेल, तर कामाच्या संदर्भातल्या कारवाईचा खर्च कंपनी करेल हे कलम घालून घ्या, आणि ते नोकरी सोडल्यानंतरही लागू राहील असं.

कळव्याची_केमिस्ट
खूप आभार सगळ्यांचे. करार पुन्हा वाचला. नेमणूक कायम आहे, बॉन्ड वेगळ्या परिशिष्टात. ट्रेनिंग म्हणजे नव्या क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअरचं एक आठवड्याचं, तेही मशीनवाल्या कंपनीनं खरेदीसोबत फुकट दिलेलं!

जुना_क्यूए काका, लायसन्सबद्दल करारात एक शब्द नाही, तुम्ही म्हणालात तसंच. आणि रिपोर्टिंग 'प्लांट हेड' लिहिलंय, जे प्रॉडक्शनच बघतात. हे माझ्या नजरेतून पार निसटलं असतं.

एक शंका. गोपनीयतेच्या कलमात 'नोकरीत मिळालेलं सर्व ज्ञान' कंपनीचं, असं आहे. मग माझी मेथड डेव्हलपमेंटची, म्हणजे चाचणीची पद्धत बसवण्याची समज पण त्यांची?

चरईचा_वकील
नाही. हाताला आलेलं कौशल्य आणि कंपनीची फाइल यात फरक आहे. मेथड कशी बसवायची ते तुमचं, त्यांच्या प्रॉडक्टची व्हॅलिडेट केलेली मेथड त्यांची. 'सर्व ज्ञान' काढून 'लेखी गोपनीय म्हणून दिलेली माहिती' करून मागा. आणि सध्याची कंपनी सोडताना पेन ड्राइव्हमध्ये किंवा स्वतःच्या जीमेलवर एकही प्रोटोकॉल नेऊ नका. कलम २७ तिथे मदतीला येत नाही.

वागळे_एचआर
बद्दीच्या बदलीचं राहिलं. 'परस्पर संमतीनं' हे दोन शब्द मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर 'मुंबई महानगर क्षेत्रात' एवढी मर्यादा मागा. लायसन्सवर नाव रबाळ्याच्या प्लांटचं असताना बद्दीला बसवणं त्यांनाही जमणार नाही, हा मुद्दा वापरा.

शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय. राजीनाम्यानंतरचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. करारात '४५ दिवसांत' असेल तर तेवढं खोडून घ्या.

कळव्याची_केमिस्ट
४५ नाही, ६० आहे 😄 खोडते.

आज मेल टाकला. फोनवर एचआर म्हणाले, रिपोर्टिंग क्वालिटी डायरेक्टरकडे करतो, एफडीएला कळवण्याचं कलमही घालतो, बॉन्ड उतरता चालेल. अहमदाबादवर अडलेत, 'लीगलला विचारतो' म्हणाले. दोन वर्षांची मनाई तशीच ठेवायची म्हणतायत.

चरईचा_वकील
मनाई राहू द्या, सही करा. एफडीएचं कलम 'घालतो' म्हणालेत, ते सुधारित करारात प्रत्यक्ष दिसल्याशिवाय मात्र नको. फोनवर ठरलेलं सगळं आजच परत मेल करून ठेवा.