विषय: ईस्टरला लंडनच्या क्यू गार्डन्स वनस्पती-उद्यानात, सासू-सासऱ्यांना घेऊन

हॅरोहून, मंगळवार ३१ मार्च २०२६

नमस्कार मंडळी,

यंदा गुरुवारी हनुमान जयंती, लगेच शुक्रवारी गुड फ्रायडे, आणि मग सोमवारपर्यंत सुट्टीच आहे. माझे सासू-सासरे देवरुखहून आलेत, पहिल्यांदाच. टॉवर ब्रिज झाला, राजवाडा बाहेरून झाला. बाबा प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणतात आणि गप्प बसतात. जन्मभर वाडीत राबलेला माणूस इथे खिडकीशी बसून शेजाऱ्यांचं कुंपण बघत असतो. मला ते बघवत नाही हो.

क्यूला न्यावं असं मनात आहे. पण आईंचे गुडघे दुखतात, आणि मुलं ९ आणि ४ वर्षांची. झेपेल का? कुठल्या दिवशी जावं? डबा नेलेला चालतो का?

---

ईलिंगहून, मंगळवार ३१ मार्च

अगं, नक्की जा. फक्त सगळी बाग बघायचा हट्ट धरू नकोस. ३०० एकरांहून मोठी आहे ती, एका दिवसात तरण्याताठ्या माणसाचीही होत नाही. व्हिक्टोरिया गेटने आत शिर, समोरच पाम हाऊस लागेल, उष्ण प्रदेशातल्या झाडांचं काचघर. तिथून गुलाबांच्या वाफ्यांवरून चेरी वॉक, तिथेच जेवण आणि परत. एवढं पुष्कळ झालं.

सोमवारी जा, दार उघडताच. तिकीट घरूनच काढ, गेटवर महाग पडतं. शिधा शनिवारीच आणून ठेव, कारण ईस्टरच्या रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. डबा चालतो. चैत्र आहे, साउथॉलला कैऱ्या मिळतायत, आंब्याची डाळ करून ने. बागेत तिच्यासारखं काही लागत नाही.

गुडघ्यांचं म्हणशील तर गेटवर व्हीलचेअर वापरायला देतात, पैसे घेत नाहीत. पण आईंना घरीच सांगून ठेव, तिथे गेल्यावर सगळ्यांसमोर खुर्ची पुढे केलीस तर त्या बसायच्या नाहीत. माझी आई बसली नव्हती.

आणि पुढच्या वर्षावर टाकू नकोस. २०२७ मध्ये पाम हाऊस मोठ्या दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद होणार असं जाहीर झालंय. माझे वडील २०१४ साली आले होते, तेव्हा तिथलं दुसरं मोठं काचघर, टेम्परेट हाऊस, असंच दुरुस्तीत होतं. "उघडलं की या पुन्हा," असं मी त्यांना म्हटलं. ते २०१८ साली उघडलं. तोवर वडील राहिले नाहीत.

---

हाउन्स्लोहून, बुधवार १ एप्रिल

काकूंनी सगळं सांगितलंच आहे. माझी एकच विनंती: चटई झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, फांद्यांच्या घेराबाहेर टाका.

कारण सांगतो. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात क्यूमधली सुमारे ७०० झाडं गेली. तिथे टर्नर्स ओक म्हणून एक जुनं झाड आहे, २०० वर्षांच्या वरचं. आधीच खंगत चाललेलं. वाऱ्याने ते मुळांसकट उचललं आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसवलं. लोकांनी टेकू देऊन ठेवलं, आता हे जाणारच असं धरून. ते काही वर्षांत नव्याने फोफावलं! तेव्हा कुठे लक्षात आलं की इतकी वर्षं माणसांच्या पायांनी खालची माती दगडासारखी घट्ट झाली होती, मुळांना हवा-पाणीच मिळत नव्हतं. वादळाने ती मोकळी केली. आता क्यूचे माळी दाबाच्या हवेने जुन्या झाडांखालची माती मुद्दाम भुसभुशीत करतात. सावलीत बसा, पण मुळांवर बसू नका.

तुमच्या सासऱ्यांना हे झाड दाखवा. वाडीवाल्या माणसाला ते लगेच कळेल.

---

हॅरोहून, सोमवार ६ एप्रिल, रात्री

मंडळी, जाऊन आलो. मुलं झोपलीत, आणि मला आजच लिहायचंय.

आई खुर्चीत बसल्या. काकू, घरीच सांगितल्याचा उपयोग झाला. "चल, आज माझी पालखी," म्हणाल्या आणि मांडीवर डब्याची पिशवी घेतली.

पाम हाऊसमध्ये शिरल्याबरोबर सगळ्यांचे चष्मे धुरकट झाले. दमट, ओल्या मातीचा वास. बाबा दारातच थांबले. स्वेटर काढला, हातावर घेतला, आणि म्हणाले, "हा आपला जून." तीन आठवड्यांत स्वतःहून काढलेलं पहिलं वाक्य.

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. मिरवेल लांबूनच ओळखली. तिच्या पेऱ्यांना फुटलेली बारीक मुळं थोरल्याला दाखवली, ती पोफळीला कशी धरून चढते ते सांगितलं. थोरला पाटीवरचं लॅटिन नाव वाचायचा, बाबा आपलं नाव सांगायचे. सदाफुलीपाशी आई एकदम बोलल्या, "अगो, ही तर आपल्या तुळशीकट्ट्याशी आपसूक उगवते!" तिच्यापासून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध निघालं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे घ्यायला लावली आणि तिच्याकडे नीट बघून घेतलं.

तिथे एक सायकॅड आहे, म्हणजे ताडासारखं दिसणारं एक झाड, क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं, अजून कुंडीतच. खोड लांबच लांब, आडवं कललेलं, खाली आधार दिलेले. "१७७५ म्हणजे सवाई माधवराव पाळण्यात," बाबा म्हणाले, आणि बराच वेळ त्या झाडाकडे नाही, आधारांकडे बघत राहिले. कुठे टेकवलेत, साल कुठे घासतेय का. "बरं सांभाळलंय," एवढंच म्हणाले.

पण खरी गोष्ट कोकोच्या झाडापाशी झाली. धाकटीच्या खिशात रविवारचं चॉकलेटचं अंडं होतं, उबेने मऊ झालेलं. चॉकलेट ह्या झाडाचं, असं मी म्हटलं तर तिने वर फांद्यांकडे बघितलं आणि काही दिसेना म्हणून रडवेली झाली. बाबांनी तिला कडेवर घेतलं आणि बोट थेट खोडाकडे नेलं. सालीला चिकटून लोंबणारी बोंडं. "वर नाही शोधायचं. आपल्या फणसासारखं बुंध्याला लागतं हे." तिने विचारलं, "आपला फणस म्हणजे?" मग कापा कुठला, बरका कुठला, कोवळ्या कुयरीची भाजी, आठळ्या चुलीत भाजून कशा खायच्या, सगळं तिथेच उभ्याने. माझी मुलगी चार वर्षं मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. आज तिने "बरका" हा शब्द पन्नास वेळा तरी म्हटला असेल.

दुपारी चेरीच्या फुलांखाली नाही, जरा बाजूला चटई टाकली (हाउन्स्लोकर दादा, लक्षात होतं!). डाळ संपली, पन्हं संपलं. डोक्यावरून सारखी हीथ्रोला उतरणारी विमानं जात होती. धाकटी प्रत्येक विमानाला विचारत होती, "आजोबा, ह्यातून आलात?" आणि ते प्रत्येक वेळी मान वर करून बघून म्हणत होते, "नाही, ह्यातून नाही."

ओक पाहिला. बाबा खाली बसून कडेची माती बोटांनी चाचपत होते. वाऱ्याची गोष्ट मी सांगितली. "आम्ही आळं खणतो ते दुसरं काय," म्हणाले.

त्यांना गुरुवारी पुन्हा क्यूला जायचंय. टेम्परेट हाऊस राहिलंय. मी सुट्टी काढलीय, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोणाचे आई-वडील आले असतील आणि घरात बसून असतील तर कळवा. वाटेत घेईन.

---

वेम्ब्लीहून, सोमवार ६ एप्रिल

ताई, माझी आई येईल. गुहागरची आहे, सुपारीची वाडी होती त्यांची. गुरुवारी किती वाजता तयार ठेवू?